व्हेजिमाइट / मार्माइट कशाबरोबर खाता? (लोणी-टोस्ट सोडून सांगा)

नीलमोहर
नमस्कार मंडळी,

मी मेलबर्नला असते. इथे बहुतेक घरांत असते तशी व्हेजिमाइटची बाटली आता आमच्याकडेही आली आहे, लेकीच्या कृपेने. शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं सँडविच चाखून आली आणि हट्ट धरून बसली. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: काळपट, घट्ट, फारशी चकाकी नसलेला लगदा. वास थोडा बिअरचा, थोडा सोया सॉसचा. चव कडक खारट आणि मागून येणारी कडवट. बिअर करून उरलेल्या यीस्टपासून बनवतात. इंग्लंडचं मार्माइट त्याच घराण्यातलं.

मला आवडतं. खरंच. पण टोस्ट, त्यावर लोणी आणि वर नखभर व्हेजिमाइट, यापुढे माझी गाडी जात नाही. चीज लावून झालं, अवोकाडो लावून झाला. हे नक्की कशाबरोबर जुळतं, कशाबरोबर अजिबात नाही, आणि का? आपल्या स्वयंपाकात कुणी वापरलंय का? बाटली मोठी आहे आणि लेकीचा उत्साह ओसरत चाललाय.

'फेकून द्या' सांगायला येणाऱ्यांनी आधी चहा घ्यावा.

खडूसकाका
घेतला. फेकून द्या.

ट्रेंटकाठी
काका, तुमचा प्रतिसाद कंपनीला अपेक्षितच आहे. 'आवडेल नाहीतर नावडेल' अशीच जाहिरात मार्माइटवाले १९९६ पासून करताहेत.

नीलमोहर, आम्ही इंग्लंडवाले, तेव्हा मार्माइटबद्दलच बोलणार. बर्टन-अपॉन-ट्रेंट आमच्यापासून जवळ. बिअरचं गाव. यीस्टचा अर्क आटवून खाता येतो हे आधीच लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं. १९०२ मध्ये कंपनी निघाली ती बर्टनलाच, कारण बास ब्रुअरीचं उरलेलं यीस्ट हाताशी होतं.

इथे लोक काय काय करतात ते सांगते. गरम क्रंपेटवर (तव्यावरचा जाड, जाळीदार पाव) लोणी आणि मार्माइट: क्रंपेटच्या भोकांत लोणी मुरतं आणि मार्माइट त्याच्या मागोमाग उतरतं, त्यामुळे प्रत्येक घासाला चव वेगळी. अर्धवट उकडलेल्या अंड्यात बुडवायला मार्माइट लावलेल्या टोस्टच्या पट्ट्या. काकडीचं सँडविच. आणि चीज ऑन टोस्ट, पण त्यात मेख आहे. पाव एकाच बाजूने भाजायचा, न भाजलेल्या बाजूवर लोणी आणि मार्माइटचा पातळ हात फिरवायचा, वर जुनं मुरलेलं चेडर किसून ग्रिलखाली ठेवायचं, चीजवर तपकिरी फोड येईपर्यंत. मार्माइट चीजच्या खाली पाहिजे. वर लावलं तर करपतं आणि मग काकांचं म्हणणं पटायला लागतं.

भाजलेल्या बटाट्यांनाही लावतात. तिथेही तेच, शेवटच्या दहा मिनिटांत. चमचाभर मार्माइट थोड्या गरम पाण्यात सैल करून बटाट्यांवर ओतायचं, हलवायचं, परत ओव्हनमध्ये.

यारातीर
इंग्लंडवाल्यांनी धागा पळवला वाटतं. प्रश्न व्हेजिमाइटचा आहे ना?

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात मार्माइट मिळेनासं झालं, तेव्हा मेलबर्नच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या मालकाने, फ्रेड वॉकरने, सिरिल कॅलिस्टर या रसायनतज्ज्ञाला कामाला लावलं आणि १९२३ मध्ये व्हेजिमाइट बाजारात आलं. सुरुवातीला खपेना. मग १९२८ मध्ये नाव बदलून 'पारविल' केलं, तेही चालेना, १९३५ मध्ये पुन्हा जुनं नाव. पुढे व्हेजिमाइट परदेशी हातांत गेलं आणि २०१७ मध्ये बेगा चीज या इथल्याच कंपनीने ते परत ऑस्ट्रेलियन केलं. आता चीज आणि व्हेजिमाइट एकाच मालकाकडे आहेत, आणि त्यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

नीलमोहर, तुमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत चीझीमाइट स्क्रोल मिळत असेल. ते घरी करा. पावाचं पीठ लाटून आयत, त्यावर व्हेजिमाइट (मऊ लोण्यात कालवून घ्या, नुसतं पसरत नाही, पीठ फाटतं), भरपूर किसलेलं चेडर, अळुवडीसारखी गुंडाळी, जाड चकत्या, ओव्हन. शाळेच्या डब्याला यासारखं दुसरं काही नाही, लेकीचा उत्साह परत येईल.

आणि टोस्टबद्दल: लोणी जास्त, व्हेजिमाइट कमी. टोस्ट गरम हवा. लोणी वितळलं की सुरीच्या टोकाने व्हेजिमाइट ओढायचं, काळ्या-पिवळ्या रेघा दिसल्या पाहिजेत. सगळं एकसारखं काळं दिसलं तर प्रमाण चुकलं.

नीलमोहर
अळुवडीसारखी गुंडाळी! हे माझ्या हाताला जमणारं आहे. धन्यवाद दोघांनाही.

चिमूटभर
फार प्रामाणिकपणे विचारते: चतुर्थीला चालेल का?

यारातीर
बार्ली आहे, यीस्ट आहे, भाज्यांचा अर्क आहे. नाही चालणार.

खडूसकाका
ते खाणं हाच एक उपास आहे.

उकळबिंदू
'का' कुणी सांगितलं नाही अजून, म्हणून थोडं लिहितो. कंटाळा आला तर खाली उडी मारा.

यीस्टमध्ये मीठ घालून ऊब दिली की पेशी मरतात आणि त्यांच्यातलीच विकरं आतली प्रथिनं तोडायला लागतात. त्यातून ग्लुटामेट मोकळं होतं. मग टरफलं गाळून काढायची आणि राहिलेला रस आटवायचा. हेच ग्लुटामेट इकेदा या जपानी प्राध्यापकांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री वनस्पतीच्या पाण्यात शोधलं आणि त्या भरीव, रश्श्यासारख्या चवीला उमामी म्हटलं. मुरलेल्या चीजमध्ये, पिकलेल्या टोमॅटोत, सोया सॉसमध्ये तेच असतं.

म्हणजे बाटलीत तीन गोष्टी ठासून भरल्यात: मीठ, उमामी आणि भाजक्या-कडवट चवीचा एक थर. नाही काय? तर स्निग्धता नाही, आंबटपणा नाही, कुरकुरीत किंवा ताजं असं काही नाही. जोडीदार तिथून शोधायचा. लोणी, चीज, अंड्याचा बलक, अवोकाडो हे जुळतात ते स्निग्धतेमुळे, खारटपणा जिभेवर एकदम आदळत नाही. पाव, भात, बटाटा हे स्वतः सपक असतात म्हणून. काकडी आणि लिंबू का, ते सांगायला नको.

आणखी एक गंमत. ग्लुटामेटच्या जोडीला मांस-मासळीतलं इनोसिनेट किंवा वाळवलेल्या मशरूममधलं ग्वानिलेट आलं की चव नुसती बेरीज होऊन थांबत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणून मशरूम परतताना शेवटी पाव चमचा मार्माइट घालून बघा. मटणाच्या रश्श्यातही. कुणाला कळणार नाही काय घातलंय, फक्त ताट चाटलं जाईल.

माझं मत विचाराल तर हे टोस्टला लावायचं प्रकरणच नाही. हे मीठ आहे. जिथे मीठ घालता तिथे मीठ कमी करून हे घाला, एवढं कळलं की बाटली संपते.

ट्रेंटकाठी
बाकी सगळं मान्य, शेवटचा परिच्छेद अमान्य. एवढ्या पिढ्या लोक सकाळी टोस्टलाच लावताहेत ते काय वेडे? रश्श्यात विरघळवून टाकलं तर मार्माइट खाल्लं असं वाटणारच नाही. मला ते समोर दिसलं पाहिजे.

उकळबिंदू
समोर दिसावं यासाठी मीठही कुणी पोळीला लावत नाही.

चिमूटभर
माझी आजी लावायची. तेल, मीठ आणि पोळी. :)

शेवगा
आमटीत हे घालणारा कुणी भेटला तर मला कळवा. चिंच किंवा आमसूल, गूळ, गोडा मसाला, यात कमी काय आहे की बिअरचा गाळ ओतावा? प्रयोग करायला हरकत नाही, पण प्रत्येक पातेल्यात नाक खुपसायची गरज नाही.

दहिसरची_मेथी
शेवगाताई, मी घातलंय, पण आमटीत नाही, अख्ख्या मसुराच्या उसळीत. कांदा अगदी तपकिरी होईपर्यंत परतला, टोमॅटो, आलं-लसूण, मसूर, आणि शेवटी उकळी आल्यावर अर्धा चमचा मार्माइट. मीठ निम्मं. राजम्यालाही चालतं. तुरीच्या वरणाला नाही, तिथे ते एकटं पडतं आणि रंगही गढूळ होतो. गोडा मसाला असलेल्या कशातच नाही, तिथे मी तुमच्या बाजूने. दोन्हीकडे भाजका वास, आणि दोघांनाही पुढे यायचंय.

शेवगा
मसूर ठीक आहे. मसुरावर माझा जीव नाही.

कोलंबोत_होतो
श्रीलंकेत मार्माइट घरोघरी. गरम पाण्यात चमचाभर ढवळायचं, लिंबू पिळायचं, हवा तर बारीक चिरलेला कांदा. ताप असेल, पोट बिघडलं असेल किंवा आदल्या रात्री 'कार्यक्रम' झाला असेल तर सकाळी हेच. उकळबिंदू म्हणतात तो आंबटपणाचा मुद्दा तिथे लगेच पटतो. लिंबाशिवाय ते पाणी घशाखाली उतरत नाही, लिंबू पिळलं की पातळ रस्सा पितोय असं वाटतं.

सिंगापुरी_मिसळ
आमच्या भागात तांदळाच्या पेजेवर घालतात. अगदी पातळ, शिजून विरघळलेला भात, वर मार्माइटची धार, आजारी माणसाचं आणि लहान मुलांचं जेवण. आपल्याकडे मऊ भाताला मीठ-तूप, तसंच. आणि हॉटेलात मार्माइट चिकन: तळलेल्या चिकनचे तुकडे मार्माइट, मध आणि सोया सॉसच्या चिकट पाकात घोळवलेले. मधाशी मार्माइट जुळेल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण गोडाने कडवटपणा झाकला जातो आणि खारटपणा राहतो. खेकडेही याच पाकात मिळतात.

पंचपाळं
गोडावरून: डार्क चॉकलेटच्या ब्राउनीत मिठाऐवजी अर्धा चमचा घालून बघा. कॅरमेलमध्येही. शेंगदाण्याच्या लोण्याबरोबर तर मार्माइटवाल्यांनीच तयार बाटली काढली आहे.

मी साधे शेंगदाणे करते. अर्धवट भाजलेले दाणे, थोडं लोणी, थोडं मार्माइट, चिमूटभर साखर आणि लाल तिखट, कालवून परत ओव्हनमध्ये मंद आचेवर. बाहेर काढल्यावर चिकट वाटतात, गार झाले की सुटे होतात. पावसात चहाबरोबर वाडगा कधी रिकामा झाला कळत नाही.

किवी_कोकण
न्यूझीलंडवाल्यांना कुणी विचारत नाही, सवय झाली. आमचं मार्माइट वेगळं, सॅनिटेरियम कंपनीचं, थोडं गोडसर. २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चचा कारखाना बंद पडला आणि २०१२ मध्ये दुकानांतून मार्माइट गायब. लोक बाटल्या जपून वापरायला लागले, वापरलेल्या बाटल्या इंटरनेटवर विकायला निघाल्या. २०१३ च्या मार्चमध्ये परत आलं. आमच्याकडे बटाट्याचे वेफर आणि मार्माइट, पावाच्या दोन तुकड्यांत. हो, वेफर पावाच्या आत. वडापाव खाणाऱ्यांनी नावं ठेवू नयेत.

स्टेथोवाली
थोडं अवांतर, पण मुंबईकरांना माहीत हवं असं.

ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आली. मुंबईत गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता, तांबड्या पेशी फुगलेल्या, आकाराने मोठ्या. विल्सने परळच्या हाफकिन संस्थेत त्यावर काम केलं. बायका काय खातात, कुठे राहतात हे पाहिलं, प्राण्यांना तसाच निकस आहार देऊन पाहिला. आजारी माकडाला मार्माइट दिल्यावर ते झपाट्याने सुधारलं. मग तेच बायकांना दिलं, आणि रक्त भरून यायला लागलं. तेव्हा पर्निशियस अ‍ॅनिमिया या दुसऱ्या प्रकारच्या रक्तक्षयावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क द्यायचे, तो या बायकांना लागू पडत नव्हता. म्हणजे कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती. तिचा लेख १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्या अनोळखी घटकाला 'विल्स फॅक्टर' म्हणायला लागले. तेच फोलेट, ब गटातलं एक जीवनसत्त्व. १९४१ मध्ये ते पालकातून वेगळं काढलं आणि फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडलं. आज गरोदर बाईला पहिल्याच भेटीत जी गोळी लिहून देतो, तिचं मूळ हे.

याचा अर्थ गोळीऐवजी टोस्ट खा असा नाही. गोळी घ्यायचीच.

परळकर_मूळचा
हाफकिनच्या भिंतीला लागून शाळेत जायचो. सर्पविष, प्लेगची लस, सगळं ऐकलं होतं. हे कुणी कधी बोललंच नाही. धन्यवाद, डॉक्टर.

गोळीबंद
डॉक्टरबाई आल्याच आहेत तर विचारतो. मला बीपी आहे. चालेल का?

स्टेथोवाली
मार्माइटमध्ये शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमहून जास्त मीठ असतं. तुम्ही शंभर ग्रॅम खाणार नाही, अर्धा चमचा खाल. पण मग त्या पदार्थात वेगळं मीठ नको आणि त्याच जेवणात पापड-लोणचं नको. तुमच्या डॉक्टरांनी मीठ फारच कमी करायला सांगितलं असेल तर त्यांना विचारा.

दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. नैराश्यावरच्या एमएओ इन्हिबिटर गटातल्या गोळ्या चालू असतील तर यीस्टचा अर्क पूर्ण वर्ज्य. त्यातल्या टायरामीनने रक्तदाब एकदम धोकादायक चढतो. आणि सीलिअॅक (गहू-बार्लीतलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असणाऱ्यांनी लांब राहावं, यात बार्ली येते.

शाकाहारी लोकांसाठी: ब्रिटिश मार्माइटमध्ये बी-१२ वरून घातलेलं असतं. सगळ्याच यीस्ट स्प्रेडमध्ये नसतं, लेबल वाचून घ्या.

खडूसकाका
म्हणजे औषध आहे. तरीच चव तशी.

नीलमोहर
बापरे, मी स्क्रोल करत बसले आणि इथे हाफकिनपर्यंत पोचलात!

तर अहवाल. स्क्रोल हिट, लेकीने डब्याला नेले आणि 'उद्या जास्त दे, सगळे मागतात' असा निरोप आला.

मग आपल्याकडचं. थालीपीठ: भाजणीत मीठ अगदी नावाला घातलं, तव्यावरून उतरवल्यावर लोण्याचा गोळा, त्यात सुरीच्या टोकावर येईल एवढं व्हेजिमाइट, बाजूला काकडीच्या चकत्या आणि लिंबू. भाजणीचा खमंगपणा आणि हे मस्त जुळलं. नवरा म्हणाला लसणीची चटणी बरी. त्याला चटणी दिली.

मऊ भात, तूप, व्हेजिमाइट: छान, सिंगापुरी मिसळ, पेजेची आयडिया मान्य. पण लोभ सुटला आणि त्यावर मेतकूट भुरभुरलं. नका करू. मेतकुटातली मेथी आणि व्हेजिमाइटचा कडवटपणा एकत्र आले की दोन्ही वाया. पिठल्यातही नाही जमलं, बेसनाचा वास आणि हा वास वेगवेगळेच राहतात.

सगळ्यात भारी निघालं कणीस. कणीस निखाऱ्यावर (आमच्याकडे बार्बेक्यूवर) काळे डाग पडेपर्यंत भाजलं. मऊ लोण्यात व्हेजिमाइट आणि लाल तिखट कालवून ठेवलं होतं. ते गरम कणसावर चोळलं आणि मग लिंबाच्या फोडीने घासलं. मीठ अजिबात नाही. दाण्यांचा गोडवा, लिंबू, तिखट आणि मागून ही खोल खारट चव. जुहूच्या कणीसवाल्याला सांगायला पाहिजे.

उकळबिंदू
मीठ म्हणून वापरलंत. बघा.

ट्रेंटकाठी
लोण्यात कालवून वापरलं. तुम्ही बघा.

शेवगा
कणीस करून बघेन. भाजणीला हात लावणार नाही.

दहिसरची_मेथी
लोण्याचं आणि व्हेजिमाइटचं प्रमाण किती? आणि कालवताना लोणी फुटत नाही?

नीलमोहर
चार चमचे लोण्याला साधारण अर्धा-पाऊण चमचा. लोणी खोलीच्या तापमानाला आलेलं हवं, वितळलेलं नको. वितळलं की व्हेजिमाइट तळाशी गोळा होऊन बसतं. काट्याने घोटायचं. डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर पावालाही होतं.

चिमूटभर
भारतात मिळतं का हे? पुण्यात?

पंचपाळं
मोठ्या शहरांतल्या आयात मालाच्या दुकानांत आणि ऑनलाइन दिसतं, पण भाव डोळे पांढरे करणारा. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवा. हातातल्या बॅगेत नको, सुरक्षा तपासणीत हे द्रवात धरतात, बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलीच्या वरची बाटली तिथेच राहते. आणि पहिल्यांदा छोटीच बाटली घ्या.

गोळीबंद
बाटली संपत आली की कडेला चिकटलेलं कसं काढायचं? सुरी पोचत नाही. पुतणीने लंडनहून आणलेली आहे, टाकवत नाही.

ट्रेंटकाठी
मार्माइटची बाटली पोटाला फुगीर, सगळ्यांचा तोच त्रास. थोडं गरम (उकळतं नव्हे) पाणी घालून झाकण लावा, दहा मिनिटं आडवी ठेवा, मग हलवा. सगळं सुटतं. ते पाणी कांदा परतताना शिंपडत जा, कांदा खाली लागायला लागला की थोडं, पुन्हा लागला की थोडं. कांदा गडद होतो आणि वेगळं मीठ लागत नाही. तुम्हाला बीपी आहे, तेव्हा तो कांदा चार जणांत वाटून खा.

यारातीर
नाहीतर त्या पाण्यात शिळ्या पावाचा चुरा भिजवून, लोण्यात कुरकुरीत परतून मॅक्रोनीवर घाला. व्हेजिमाइटच्या बाटलीलाही हेच चालतं, फक्त ती सरळसोट असते, तिथे सुरी पोचते.